सीताफळांची राखण

सीताफळानं डोळा उघडला की माझ्या कानात डबडं वाजायला लागतं. फळ तयार झालं म्हणजे त्याच्या हिरव्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होतात, त्याला आमच्याकडं डोळा उघडणं म्हणतात. परवा सूनबाईनं बाजारातून पाटी आणली आणि नातीनं प्रत्येक फळ अंगठ्यानं दाबून बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाई गं, दाबू नकोस, डोळा बघ. ती हसली. तिला वाटलं, आजीला फळाची पारख आहे. पारख वगैरे काही नाही. मला त्या फळाची भीती वाटते. इतकी वर्षं झाली, सगळं घर बिया थुंकत मजेत खातं आणि मी एक बी तोंडात घोळवत उगीच दाराकडं बघत बसते.

भादव्याचं ऊन आमच्या हिंगोलीत फार वाईट. पाऊस उघडलेला असतो, जमिनीतून वाफा येतात, ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली असते आणि गवताचा उग्र वास नाकात बसतो. या वासात सीताफळाचा गोडसर वास मिसळला की मी पुन्हा एकोणीस-वीस वर्षांची होते. लग्न होऊन दोन पावसाळे झालेली, अजून मूल नसलेली, डोक्यावर पदर आणि हातात डबडं.

आमचं शेत आणि घर छावणीच्या मागं होतं. छावणी म्हणजे नावाचीच. गोरे शिपाई माझ्या सासऱ्यांच्या लहानपणीच निघून गेले होते. मागं राहिल्या होत्या छपरं पडलेल्या बराकी, दगडी हौद, परेडचं ओसाड मैदान आणि आमच्या घरालगतचं गोऱ्यांचं कब्रस्तान. पलीकडं जळेश्वराचं तळं, त्याच्याही पलीकडं कयाधू. ठगांना धरून आणायचे ते याच छावणीत, असं म्हातारी माणसं सांगत. प्रवाशाशी गोड बोलून रुमालानं गळा आवळणारे ठग. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, भीती ही त्या जुन्या काळातली गोष्ट आहे, ती ठगांबरोबर संपली.

कब्रस्तानाला पुरुषभर उंचीचं दगडी भिताड होतं आणि गंजून अर्धं उघडं राहिलेलं लोखंडी फाटक. आत सुळक्यासारखे उंच दगड, चौथरे आणि मधोमध एक घुमट. दगडांवर इंग्रजी अक्षरं होती. ती वाचणारं आमच्यात कुणी नव्हतं, म्हणून बायकांनी आपल्या सोयीनं नावं ठेवली होती. हा तापवाला साहेब, हा घोड्यावरून पडलेला, ती मडम. एका कोपऱ्यात हातभर लांबीची कबर होती, ते मडमचं लेकरू. ज्या बाईचं मूल खोकल्यानं काळंनिळं पडायचं, ती तिथल्या झाडाला चिंधीचा पाळणा बांधायची. मूल बरं झालं की गूळखोबरं ठेवायची. हिंदूंच्या बायका यायच्या, मुसलमानांच्या यायच्या. मडमचं लेकरू कोणत्या धर्माचं, हा प्रश्न खोकणाऱ्या पोराच्या आईला पडत नाही. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, माझ्या नवऱ्यासाठी तिथं पाळणा बांधला होता. तो बरा झाला म्हणूनच मला नवरा मिळाला, असं त्या अधूनमधून ऐकवत.

कबरींच्या मधून सीताफळांची झाडं उगवली होती. कुणी लावलेली नव्हती, पाखरांनी पेरलेली. त्यांचा बहार दरवर्षी खैरूनभाबी आणि तिचा नवरा चांदभाई घेत. जातीचे बागवान, फळांवर पोट भरणारे. चांदभाईचे गुडघे गेलेले आणि कान तर त्याआधीच गेलेले, त्यामुळं राखण सारी भाबीच्या अंगावर. श्रावणात फळ धरलं की ती दिवसभर कब्रस्तानात बसायची. हातात तेलाचं रिकामं डबडं आणि बाभळीचं टिपरू. पोपट आले की डबडं, वानरं आली की डबडं, आणि वर लांबलचक हाळी, “हाऽल्याऽऽ.” ही हाळी ती जागेपणी देत होती की श्वासाबरोबर तिच्या तोंडातून बाहेर पडत होती, कोण जाणे. मी शेतात निंदत असले, चुलीपुढं असले, तरी ते डबडं ऐकू यायचं. सुरुवातीला डोकं उठायचं. मग त्याची अशी सवय झाली की ते वाजतंय हे कळायचंच नाही. घरातल्या जुन्या माणसाचं असंच होतं.

मग ते अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य टिकतंय की जातंय, कुणालाच कळत नव्हतं. खाकी कपड्यातली, भाले-बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरत होती आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. एखाद्या दिशेला धूर दिसला की बायका एकमेकींना विचारायच्या, कोणचं गाव असंल. माझ्या नवऱ्यानं शिंदीची झाडं तोडण्यात भाग घेतला होता. चळवळीतली पोरं तेव्हा तेच करत, शिंदी पाडली की सरकारचं दारूवरचं उत्पन्न पडतं म्हणून. झाड तोडताना त्यांना फार मर्दुमकी वाटली असणार. माझ्या नवऱ्याचं नाव यादीत लागलंय असं कुणीतरी कुजबुजलं आणि ती मर्दुमकी आमच्या घरात भीती होऊन बसली. त्यानं निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात निघून जायचं ठरलं, पण कयाधू दुथडी भरून चाललेली. पूर ओसरेपर्यंत माणूस ठेवायचा कुठं?

खैरूनभाबीनंच सुचवलं. दिवसा घुमटात बसवा, म्हणाली. घुमटाच्या चार कमानींपैकी तीन केव्हाच दगडांनी बुजवलेल्या होत्या, चौथीपुढं सीताफळाचं दाट झाड होतं. कुणी फाटकातून आत बघितलं तर त्याला डबडं वाजवणारी म्हातारी तेवढी दिसेल. मी विचारलं, कुणी आलं तर आम्हांला कळायचं कसं? जोरानं वाजवशील का? तिनं माझ्याकडं बघितलं, लहान पोरीकडं बघतात तसं.

“वाजवलं तर त्यायला बी ऐकू येईल,” ती म्हणाली. “वाजायचं थांबलं तर ज्याचं ध्यान हाय त्यालाच कळंल.”

तेव्हापासून मी ते डबडं ऐकायला लागले. ऐकायला म्हणजे नुसतं त्याच्यावरच जगायला. भाकरी थापताना हात थांबायचा, दोन टोल्यांच्या मधे श्वास अडकायचा. भाबी पाणी प्यायला थांबली तरी मी हातातलं टाकून दाराशी यायची. भीती आवाजाची असते असं मला आधी वाटायचं. ओरडण्याची, बंदुकीच्या बाराची. ते खरं नाही. भीती थांबलेल्या आवाजाची असते. आजही घरातला पंखा बंद पडला, पाटा-वरवंटा मधेच थांबला, की माझी मान आपोआप वर होते. सूनबाई म्हणते, आई, काय झालं? काय सांगणार.

एकदा ते थांबलंच. ऐन दुपारी. मी न्हाणीपाशी भांडी घासत होते. राखेचा हात तसाच हवेत राहिला. भिताडापलीकडच्या रस्त्यानं घोड्यांच्या टापा आल्या, कुणीतरी उर्दूत काही विचारलं, भाबीनं काही सांगितलं. टापा गेल्या. तरी डबडं वाजेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक, हातावरची राख वाळून गळून पडली. मग एकदम सुरू झालं, जरा घाईघाईनं, आणि मी तिथंच भांड्यांत बसून रडले. पूर ओसरला तशी नवऱ्यानं नदी ओलांडली आणि तो वऱ्हाडात गेला. घरात आत्याबाई आणि मी, दोघीच उरलो.

गणपती बसले आणि हिंदुस्थानच्या फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सगळं संपलं म्हणाले. खाकीवाले कुठं गेले कळलं नाही. लोक रस्त्यावर आले, गुलाल उधळला, कुणी कुणाच्याही गळ्यात पडत होतं. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मला वाटलं, चला, भीती गेली. पण भीती अशी जात नाही. ती फक्त बिऱ्हाड बदलते. आमच्या दारातून निघाली आणि बागवानांच्या गल्लीत जाऊन बसली. आता हिंदूंच्या टोळ्या फिरायला लागल्या, कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन. त्यांतल्या काहींची घरं खरंच जळाली होती, काहींची बिलकूल जळाली नव्हती. ज्यांनी जाळलं ते पळून गेले होते. सापडत होते ते पळू न शकणारे.

चांदभाईला पळता येत नव्हतं. एके सकाळी आमचं मागचं दार वाजलं. खैरूनभाबी उभी होती आणि तिच्या खांद्याला धरून चांदभाई. त्यांची गल्ली रिकामी झाली होती. ती काही मागायला तोंड उघडणार तोच चांदभाई मोठ्यानं म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसा, की ही मला इतक्या सकाळी कुठं घेऊन चालली आहे काही सांगत नाही. भाबीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या सगळ्या दिवसांत हिंगोलीत न घाबरलेला तो एकच माणूस असेल.

आत्याबाई कडक बाई. शिवाशिव पाळणाऱ्या, भाबीला ओसरीच्या खाली बसवून पाणी वरून ओतणाऱ्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्या लेकाला जिथं ठिवलं व्हतं, तिथंच ठिवा.”

पण खायला कसं द्यायचं? कब्रस्तानात रोज ताट घेऊन कोण जातं? त्यावर आत्याबाईंनी तोड काढली. पितरांचा पंधरवडा सुरू झाला होता. घराघरांतून बायका कावळ्याला घास ठेवायला बाहेर पडत. आम्हीही पडू. कावळे कब्रस्तानाच्या भिताडावर बसतात हे सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा घास तिथंच जाणार. आणि मग त्या पंधरवड्यात आत्याबाईंनी रोज एक नवा पूर्वज काढला. आज सासऱ्यांचे काका, उद्या मावळणबाई, परवा कुणी लहानपणीच गेलेला दीर. शेजारीण म्हणाली, काकू, तुमच्याकडं पितरं फार. आत्याबाई म्हणाल्या, आमचं खटलंच मोठं व्हतं. मी द्रोणात भात, वडा, कढी, गवारीची भाजी घेऊन जायची. एक घास भिताडावर, बाकी सगळं पदराआड आत. खऱ्या पितरांनी आमच्यावर रागवू नये म्हणून आत्याबाई संध्याकाळी तुळशीपाशी त्यांची माफी मागत. मला तेव्हाही भीती वाटायची, पण ती ऐकताना हसूही यायचं. भीतीच्या पोटातच असं हसू सापडतं. त्याचा मात्र आवाज करायचा नसतो.

राखण माझ्याकडं आली. बागवान पळाले, बहार आम्ही घेतला, असं आत्याबाईंनी पसरवून दिलं. मी फाटकाजवळच्या चौथऱ्यावर, बहुधा तापवाल्या साहेबावर, बसून दिवसभर डबडं वाजवायची. खूण तीच ठरली होती. थांबलं की आत हालचाल करायची नाही. पण भाबीला माझं वाजवणं आवडत नसे. घुमटातून हळूच आवाज यायचा, “अगं, असं मारत न्हाईत, त्यानं पाखरू उडत न्हाई, नुस्तं बघतंय तुज्याकडं.” ती तिथं अंधुक उजेडात, पाखरांच्या विष्ठेत, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिची काळजी पोपटांची. फळं तयार होत आली होती. रोज एकेक झाड डोळे उघडत होतं. मी मान वर केली की पानांतून ते पांढुरके डोळे दिसायचे आणि वाटायचं, सगळं कब्रस्तान जागं होऊन माझ्याकडं बघत आहे.

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंदलेली होती. ऊन चढलं आणि परेडच्या मैदानावरून माणसं येताना दिसली. चालण्यावरूनच कळलं की ही शेताला निघालेली माणसं नाहीत. हातात कुऱ्हाडी होत्या. दोघे-तिघे परगावचे, एकजण आमच्याच बाजूचा, दसऱ्याला आमच्याकडं सोनं द्यायला येणारा. मी डबडं मांडीवर ठेवलं. टिपरू खाली ठेवलं.

शांत झालं. घुमटातही शांत झालं. माणसं भिताडाच्या कडेनं सावकाश चालत होती, आता पुढं जातील असं वाटत होतं. आणि डबडं थांबलेलं बघून पोपट उतरले. त्या दिवसांत इतके पोपट मी कधी बघितले नव्हते. हिरवा थवा सरळ घुमटापुढच्या झाडावर बसला, सगळ्यांत गोड फळाच्या झाडावर, आणि फळं टोचायला लागला. सालीचे तुकडे खाली पडत होते. मी बघत होते. हलता येत नव्हतं.

आणि आतून हाळी आली. “हाऽल्याऽऽ.”

खैरूनभाबीच्या तोंडातून ती निघून गेली होती. उभ्या जन्माची राखणदारीण ती, डोळ्यांपुढं पोपट फळ फोडत होते. थवा भर्रकन उडाला. भिताडापलीकडची पावलं थांबली आणि माणसं फाटकात आली.

“आत कोन हाय?” परगावच्या एकानं विचारलं.

मनात आलं, सांगावं, या बाईनं माझ्या नवऱ्याला याच घुमटात जपलंय. पण त्यांच्या डोळ्यांकडं बघून कळलं की हे ऐकणार नाहीत. ज्याला कुऱ्हाड घेऊन इतकं लांब चालावं लागलं, त्याला ऐकायला वेळ नसतो. माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

“कोन न्हाई. घुमट हाय त्यो. आवाज फिरून येतो.”

“तू कवा वरडलीस? तुजा आवाज तर आला न्हाई.”

“मी भिताडाकडं तोंड करून दिली हाळी. तुमी फिरलेली ऐकली.”

तो कुऱ्हाडीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. म्हणाला, “दे मग परत.”

त्या घुमटात आवाज फिरत नव्हता. वरचा भाग ढासळून मोठं खिंडार पडलं होतं, त्यातून पिंपळ वर गेला होता. तिथं काहीही बोललं तरी ते सरळ आभाळात निघून जायचं. हे मला माहीत होतं आणि आमच्या बाजूच्या त्या माणसालाही माहीत असणार, लहानपणी तोही इथंच चोरून फळं खायला आलेला. तो खाली बघत होता. मी उठले, तोंडाशी हात धरला आणि हाळी दिली. आवाज फाटला. गेला, विरला. पिंपळाचं एक पान हललं. काही आलं नाही. मला वाटलं, संपलं. भाबीला वाटत असेल मी पाखरं हाकलतेय. किंवा भीतीनं तिची वाचा गेली असेल.

मग घुमटातून आलं. माझ्यापेक्षा जरा हळू, शेवट लांबवलेला, आणि माझ्यासारखाच फाटलेला. “हाऽल्याऽऽ.”

परगावच्या त्या माणसाला अजून खात्री नव्हती. त्यानं स्वतः ओरडायला तोंडाशी हात नेला. त्याच्या जाड्याभरड्या आवाजाला आतून कसला आवाज उत्तर देणार होता? तेवढ्यात आमच्या बाजूचा माणूस पहिल्यांदा बोलला. “कब्रस्तानात हाळी देऊ नगा,” तो म्हणाला. “हितं आवाज फिरून आला तर तेच्या मागून येनारं बी येतं म्हनत्यात.” तो खरंच घाबरला होता, की त्याला सगळं कळलं होतं, हे मी पुढं आयुष्यभर त्याला विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. परगावच्याचा हात तोंडाशी तसाच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, झाडाकडं बघितलं, कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या पाळण्यांकडं बघितलं. हातात कुऱ्हाड असूनही तो स्वतःच्या आवाजाला भ्याला. माणसं नदीच्या बाजूला निघून गेली. मी डबडं उचललं आणि पुन्हा वाजवायला लागले.

नंतर आत गेले तेव्हा भाबी तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती. तो काढून म्हणाली, “सवय गं, लेकी. हात रिकामे ऱ्हायले आन् तोंड चाललं.” आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो. चांदभाईनं झोपेतून उठून मोठ्यानं विचारलं, काहून रडून राहिल्या गं? भाबीनं पुन्हा त्याच्या तोंडावर हात ठेवला.

घटस्थापनेच्या सुमाराला माझा नवरा परतला. हकिगत ऐकून तो तडक गोठ्यात गेला. मग गाडी जुंपली, मधे चांदभाई-भाबी आणि सभोवती सीताफळांच्या पाट्या, आणि कळमनुरीच्या रस्त्यानं त्यांना भाबीच्या भावाकडं पोचवून आला. जाताना भाबीनं मला डबडं दिलं. उरलेल्या झाडांवर नीट लक्ष ठेव, म्हणाली, जणू दोन दिवसांनी परतणार होती. ती परतली नाही. मला कित्येक वर्षं तिचा राग यायचा. इतकं केलं, आणि साधं बघायलाही आली नाही. पुढं कधीतरी तिचा भाचा बाजारात भेटला. म्हणाला, आत्या खूप म्हातारी होऊन घरातच गेली, शेवटपर्यंत पोरांना कोणतं फळ तोडायचं ते सांगायची, पण हिंगोलीचं नाव काढलं की उठून आत जायची. राग गेला माझा. मी त्या जागेत जन्म काढला, पण मी फाटकापाशी उभी होते. ती आत होती. आणि त्या पंधरवड्यात अशा किती जणी असतील, ज्यांच्यासाठी कुठं घुमट नव्हता आणि फाटकात कुणी उभं नव्हतं.

आता कब्रस्तानाला तारेचं कुंपण आहे, जुनी वास्तू म्हणून पाटी आहे. मधे काही पोरं-पोरी येऊन दगड मोजून गेली, अक्षरं वाचून गेली. मडमचं नाव त्यांनी मला सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. मी त्यांना म्हटलं, घुमटात आवाज फिरून येतो. एका पोरानं आत जाऊन टाळी वाजवली, हाक मारली आणि हसून म्हणाला, आजी, नाही येत. मी म्हटलं, बरं झालं.

भादव्यात सीताफळांनी डोळे उघडले की मी नातीला धरून तिथवर जाते. फाटकाशी थांबते. नातीला थोडं लांब उभं करते आणि माझ्या या मोडक्या आवाजात एक हाळी देते. मग श्वास धरून ऐकते. पिंपळ सळसळतो, पोपट ओरडतात. आतून काही येत नाही. तेव्हाच मी श्वास सोडते. या वर्षी आत कुणी लपलेलं नाही.